रूपकची सम आणि सरांचा हात

रूपक हा सात मात्रांचा ताल. त्यात समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या (तालाच्या एका फेरीच्या) पहिल्याच मात्रेवर, खाली असते, म्हणजे टाळी न पडणारी हलकी जागा. तबल्याच्या पहिल्या परीक्षेला बसणाऱ्या मुलालाही हे पाठ असतं. तरी एवढ्या एका गोष्टीपायी आमचा ठाण्यातला २६ जणांचा वाद्यवृंद लागोपाठ तीन रविवार त्याच जागी कोसळत होता, आणि वाशीचा कार्यक्रम पाच आठवड्यांवर आला होता. त्या पाच आठवड्यांत काय झालं ते इथे नीट लिहून ठेवते आहे. व्हायोलिन आणि तबला एकत्र बसवणारे हौशी वाद्यवृंद चालवणं किती जिकिरीचं असतं ते करणाऱ्यालाच कळतं. अशा कुणाला यातून काहीतरी सापडेल. शिवाय दर कार्यक्रमानंतर कुणी ना कुणी मला विचारतंच, "तो समोर उभा राहून हात हलवतो, तो नेमकं करतो काय?" त्याचं मला सापडलेलं सगळ्यात खरं उत्तर या प्रकरणात आहे.

मी दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात शेवटच्या स्टँडवर वाजवते (एका स्टँडवर एक कागद आणि दोन वादक). आठवडाभर बँकेत असते. सगळ्यांचे पार्ट, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाद्याचे कागद, लिहून द्यायचं कामही माझ्याकडेच आहे, आणि या प्रकरणातली एक मोठी चूक माझ्याच पेन्सिलीतून उतरलेली आहे.

सर

आमच्या संचालकांना सगळे नुसतं सर म्हणतात. ते ठाण्याचेच. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते, घरात पेटीसुद्धा नव्हती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका शेजाऱ्यांनी त्यांना व्हायोलिन हातात दिलं आणि पाच रेघांचं नोटेशन शिकवलं. त्याच वर्षांत नौपाड्यातल्या एका बुवांकडे ते रागही शिकायला जायचे. सकाळी स्टाफ नोटेशन, संध्याकाळी सरगम. ही दोन दप्तरं त्यांनी आयुष्यभर एकाच खांद्यावर वाहिली आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवू लागले. मेसेंजरचा निरोप यायचा, उद्या सकाळची शिफ्ट, ताडदेवला फिल्म सेंटर नाहीतर वांद्र्याला मेहबूब. पन्नास-साठ वादक एका खोलीत, गाणं अखंड वाजवायचं, एकाचा सूर घसरला की सगळ्यांचा टेक वाया. आपल्याकडच्या कंडक्टरचा इतिहास लिहायचा तर तो या खोल्यांतच लिहावा लागेल. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्टियन डिसूझा, किंवा आपले अनिल मोहिले, ही माणसं चालीवर पूर्ण वाद्यमेळ रचायची आणि बहुतेकदा तीच समोर उभी राहून वाजवूनही घ्यायची. त्यांना अरेंजर म्हणायचे. गाणं घराघरात पोचायचं, अरेंजरचं नाव क्वचितच. सर म्हणतात, हात वाचायला मी तिथे शिकलो, चौथ्या रांगेत बसून.

नव्वदीत कीबोर्ड आणि सॅम्पलर आले. तीस व्हायोलिनचं काम एक माणूस दोन हातांनी करू लागला. मग चार व्हायोलिन बोलवायची आणि त्यांनाच थरावर थर देऊन मोठं करायचं, असंही सुरू झालं. शिफ्टा आटल्या. सरांनी गणपतीत-नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवलं, शाळांत शिकवलं, लग्नाच्या स्वागत समारंभात कोपऱ्यात बसून मंद व्हायोलिन वाजवलं. त्या वर्षांविषयी ते फारसं बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

ते कंडक्टिंगकडे वळले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. या कामाचा जगात जो रूढ रस्ता आहे तो कसा असतो हे पाहायचं तर आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. झुबिन मेहता १९३६ साली मुंबईत जन्मले. वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक, आणि त्यांनी मुलाच्या जन्माच्या आदल्याच वर्षी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुलगा १९५४ साली व्हिएन्नाला गेला, हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकला, १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकला, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक आणि १९७८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. घर, गुरू, स्पर्धा, मग मोठा वाद्यवृंद. प्रतिभा तर आहेच, पण पायऱ्याही आहेत. ठाण्यात या पायऱ्या नव्हत्या. सरांनी छोट्या आकाराचे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या पुस्तिका, जमवले आणि लोकलमध्ये वाचले. वाचले म्हणजे प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी गुणगुणून पाहिली. २००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यावर ते स्वस्तातलं तिकीट काढून, मांडीवर स्कोअर उघडून बसायचे आणि रात्रीच्या लोकलने ठाण्याला परतायचे.

या माणसाने आम्हाला गोळा केलं. १३ व्हायोलिन, दोन व्हायोला, तीन चेलो, एक डबल बेस, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, तबला, ढोलकी, हार्मोनियम आणि कीबोर्ड. निम्म्या लोकांना स्टाफ नोटेशन येतं, निम्म्यांना सरगम. रविवारी सकाळी आठला नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम.

काय बिघडलं होतं

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात आम्ही सरांनी बागेश्री रागात बांधलेली, मध्य लयीतल्या रूपकातली, साधारण अकरा मिनिटांची रचना वाजवणार होतो. रागावर वाद्यवृंद बांधायचा विचार नवा नाही. सिनेमाच्या वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात तो प्रयोग मोठ्या ताकदीने केला होता, आणि सरांना त्याचा सार्थ अभिमान आहे.

पहिली दोन मिनिटं छान जायची. मग तबल्याचा ठेका सुरू व्हायचा, आणि दहा-बारा आवर्तनांत पहिली व्हायोलिन एकीकडे, चेलो दुसरीकडे. बरोब्बर तीन मात्रांचा फरक. एखादी मात्रा निसटणं समजू शकतं, पण दर वेळी तीनच कशा?

ठेका म्हणून पाहिला की उलगडतं: तीं तीं ना, धी ना, धी ना. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताखालच्या वाद्याचा, घुमारा नाही. तो येतो चौथीला आणि सहावीला. म्हणजे कानाला वजन लागतं ते चौथ्या मात्रेवर. इकडे नोटेशन वाचणाऱ्याच्या हाडात मुरलेलं असतं की बारच्या (नोटेशनमधल्या एका खान्याच्या) पहिल्या ठोक्याला वजन, आणि त्या ठोक्याला कंडक्टरचा हात वरून खाली येतो. डोळा सांगतोय इथे एक, कान सांगतोय तिथे एक. ज्याचा डोळा पक्का तो हाताबरोबर राहिला. ज्याचा कान पक्का त्याने नकळत चौथीलाच सम मानली. दोघेही प्रामाणिक, दोघेही तयार वादक.

त्यात बसण्याची रचना. आमचे तबलजी अण्णा सत्तरीच्या पुढचे, ते एका टोकाला बसायचे. तिथपासून माझा स्टँड साधारण दहा मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे अण्णांची थाप माझ्यापर्यंत यायला सेकंदाचे तीन शतांश लागतात. ऐकायला काहीच नाही. पण मी ती ऐकून वाजवलं, माझा सूर परत अण्णांपर्यंत जायला तेवढाच वेळ, त्यांना वाटतं मागची पोरं रेंगाळली, ते समजूतदारपणे थोडे थांबतात, मग आम्ही आणखी मागे. एकमेकांची वाट बघत सगळेच मागे पडतात. हात मात्र पहिल्या रांगेला आणि शेवटच्या रांगेला एकाच क्षणी दिसतो. फ्रान्सच्या दरबारात लुली नावाचे संगीतकार जड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचे. १६८७ साली ती त्यांच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यात ते गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात हलकी छडी रूढ झाली, ठोका ऐकायचा होता तो बघायचा झाला. आमच्याकडे दोन्ही होते, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

तीन रविवार

पहिल्या रविवारी सरांनी हात मोठा केला. समेवर असा जोराचा की बॅटन (हातातली छडी) दिसलं नाही म्हणायची सोय उरू नये. त्याने प्रकरण चिघळलं. हात जितका जोरात खाली, तितकं व्हायोलिनचं वजन पहिल्या मात्रेवर, आणि अण्णांची नाजूक खाली त्याखाली चिरडली. "ही माझी सम नाही," एवढंच अण्णा म्हणाले आणि तबल्यावर कापड टाकलं.

दुसऱ्या रविवारी कीबोर्डवाल्या मुलाने सुचवलं, सगळ्यांच्या कानात क्लिक, म्हणजे मशीनची एकसारखी टिकटिक, देऊ. आजकाल पुष्कळ कार्यक्रम तसेच होतात आणि त्यात गैर काही नाही. करून पाहिलं. सगळे एकत्र आले खरे, पण सुरुवातीच्या दोन मिनिटांत बासरी जिथे श्वास घेते तिथे श्वासाला जागाच उरली नाही. सरांनी मशीन बंद केलं.

त्याच दिवशी माझी चूक सापडली. आमचे क्लॅरिनेटवाले मामा कळव्याचे, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. हात इतका गोड की बासरीवाल्याने वळून बघावं. त्यांना सरगम लागते. मी त्यांच्या कागदावर वर लिहिलं होतं, 'सा = डी', म्हणजे पाश्चात्त्य स्वरांतल्या डीला सा धरा. सगळ्यांचा सा डीच होता. पण त्यांची क्लॅरिनेट बी फ्लॅटची. त्यांनी आपल्या बोटांनी डी धरला की आवाज सीचा निघतो, एक पूर्ण स्वर खाली. मामांच्या वाट्याला चारच आवर्तनं होती. त्यांना खटकत होतं, पण वाटलं की सरांनी मुद्दामच अशी कडवट संगत लिहिली असेल. या शिकलेल्या मंडळींत विचारायचं कसं, म्हणून ते हळूहळू मंद वाजवत गेले, आणि त्या रविवारी तर फक्त बोटं हलवत होते.

सगळे तालाच्या प्रश्नामागे लागलेले असताना सरांना ते ऐकू आलं. खरं म्हणजे ऐकू न येणं ऐकू आलं. त्यांनी वाद्यवृंद थांबवला.

"मामा, तुम्ही वाजवत नाही आहात."

मामा गप्प.

"मला सा द्या बरं." त्यांनी दिला. सरांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "कागद आणा इकडे." मी उठले. त्यांनी एक नजर टाकली. "चूक कागदात आहे, मामांत नाही," हे त्यांनी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मी तिथेच खोडून लिहिलं, 'सा = तुमचा ई'. मामांनी तो तुकडा वाजवला तेव्हा चेलोवाल्या मुलीने बो (गज) खाली ठेवून ऐकला.

कंडक्टरने काय करायचं असतं याच्या व्याख्या मी बऱ्याच वाचल्या आहेत. २६ जणांतला कोण गप्प झाला आहे हे कळणं त्यात कुठे सापडलं नाही, पण माझ्या मते ते पहिल्या दोन-तीनांत यायला हवं.

तिसऱ्या रविवारी सरांनी सगळ्यांना वाद्यं खाली ठेवायला लावली. "हातावर रूपक धरा." नोटेशनवाले, सरगमवाले, सगळे. आपल्याकडे लहानपणी गाण्याच्या वर्गात चार महिने जरी घालवले असतील तरी हे येतं. अण्णा ठेका देत होते, आम्ही हातावर ताल धरत होतो. चार-पाच आवर्तनं झाली आणि सर एकदम म्हणाले, "थांबा. परत करा. हाताकडे बघा आपापल्या."

आम्ही पाहिलं. समेवर एकाचाही हात दुसऱ्यावर पडत नव्हता. सगळ्यांचे तळवे उघडे होऊन बाहेरच्या बाजूला जात होते. खाली दाखवतात तसे. टाळी चौथीला, टाळी सहावीला. सगळ्यांच्या हाताला उत्तर ठाऊक होतं, आणि ते उत्तर सरांच्या बॅटनमध्ये नव्हतं.

सर खुर्चीवर बसले. पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. मग ते उभे राहिले आणि समेवर उजवा हात अगदी हलका, वीतभरच खाली आणला, आणि डावा तळवा उघडून बाजूला नेला. चौथीला उजव्या हातात वजन, सहावीला त्याहून कमी. सात ठोके मोजून दाखवणं बंद. तीन लाटा, एक लांब आणि दोन आखूड.

दुरुस्ती

हात बदलून भागलं नाही, बोची दिशाही बदलावी लागली. व्हायोलिनचा बो खाली ओढला तर सुरुवात हाताजवळच्या जड भागाने होते, तिथे आपसूक वजन पडतं. वर ढकलला तर सुरुवात टोकाने, म्हणून हलकी. तोवर आम्ही समेवर डाउनबो घेत होतो, नोटेशनच्या सवयीने. सरांनी ठरवलं, पहिल्या तीन मात्रा अपबोमध्ये, उरलेल्या चार डाउनबोमध्ये, सहावीला त्याच बोमध्ये किंचित थांबून. एका आवर्तनात दोनच बो, म्हणजे पुढच्या समेला पुन्हा अपबो हजर. तीन लाटांना तीन बो घेतले असते तर दर आवर्तनात उलटापालट झाली असती.

व्हायोलिनचे सात स्टँड, म्हणजे अकरा मिनिटांच्या रचनेच्या सात प्रती. सोमवारपासून गुरुवारपर्यंत जेवणं आटोपल्यावर मी प्रत्येक समेवर अपबोची व्ही काढत बसले. जुन्या खुणा खोडताना दोन ठिकाणी कागद फाटला. या वेळी प्रत्येक पान दोनदा तपासलं.

त्याच आठवड्यात सर अण्णांच्या घरी गेले. जुन्या प्रती द्यायच्या होत्या म्हणून मीही बरोबर होते. अण्णांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तबलजीला कुणी हाताने लय दाखवत नाही. गवई लय ठरवतो, तबलजी ती धरतो, आणि मग सगळी मैफल त्याच्या ठेक्यावर उभी असते. आयुष्यभर ज्याने हे केलं त्याला सत्तरीनंतर छडीकडे बघ म्हणायचं?

"अण्णा, लय तुमचीच राहणार," सर म्हणाले. "माझं काम एवढंच की तुमची लय मागच्या पोरांना ऐकू यायच्या आधी दिसायला हवी. त्यासाठी तुम्ही मला जवळ हवे आहात."

"म्हणजे मी तुमच्याकडे बघायचं नाही?"

"ठेक्यात मी तुमच्याकडे बघेन. जिथे लय बदलते त्या तीन जागी तुम्ही माझ्याकडे बघा."

अण्णांनी चहा संपवला. "तीनच ना?"

"तीनच."

चौथ्या रविवारी अण्णा मधोमध, सरांच्या समोर मीटरभरावर बसले. सर त्यांच्या बोटांवरून लय घेत होते, आणि थाप पडायच्या किंचित आधी हात सुटत होता. इथेच या कामाचं मर्म आहे. जो ऐकतो आणि मग हात हलवतो तो वाद्यवृंदाच्या मागून चाललेला असतो. पुढची मात्रा कशी येणार आहे हे आधी मनात वाजावं लागतं, आणि मनात वाजायचं तर स्कोअर डोक्यात मुरलेला हवा. लोकलमध्ये गुणगुणलेल्या त्या ओळी इथे उपयोगी येतात. त्या दिवशी ठेका सुरू झाला आणि वीस, तीस, चाळीस आवर्तनं झाली. वाद्यवृंद फुटला नाही. चेलोवाली मुलगी वाजवताना हसत होती.

एक प्रश्न उरला होता, शेवटची तिहाई. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, १५ मात्रा. समेवरून उचलला की तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर येऊन संपतो. पुढचे दोन तुकडे मात्र सहावीला आणि चौथीला सुरू होतात, आणि तिथे सरांच्या लाटा बघितल्या की बोटं अडखळायची. सरांनी त्या दोन आवर्तनांपुरता ताल दाखवायचं सोडून दिलं आणि तुकडाच दाखवला, पाच, पाच, पाच. अण्णाही तिहाईतच असल्यामुळे ठेका धरून ठेवायचं ओझं कुणावर नव्हतं. आणि शेवटच्या समेवर धा. एवढा वेळ जी सम तळवा उघडून निसटू दिली, ती इथे भरीव येते. अख्ख्या रचनेत सरांचा हात पूर्ण उंचीवरून फक्त एकदाच खाली येणार होता, तो इथे. त्या समेवर मी सात प्रतींत डाउनबोची खूण लाल पेन्सिलीने केली.

वाशी

डबल बेस, चेलो, स्टँड आणि हार्मोनियम टेम्पोने ठाणे-बेलापूर रस्त्याने गेले. आम्ही उरलेले ठाणे-वाशी लोकलने, मांडीवर व्हायोलिनच्या पेट्या घेऊन. नाटकाच्या रंगमंचावर पडदे आवाज खातात, तालमीच्या हॉलमध्ये जे ऐकू येत होतं त्यातलं निम्मंही येईना. मागच्या रांगेत अण्णांचा तबला मला जवळपास ऐकूच येत नव्हता. महिनाभरापूर्वी अशी वेळ आली असती तर आम्ही तिसऱ्या आवर्तनात फुटलो असतो. सरांनी मुद्दाम काळा सदरा घातला होता. त्यावर पांढरं बॅटन आणि उघडा डावा तळवा माझ्या स्टँडवरून स्वच्छ दिसत होता.

मामांची चार आवर्तनं आली तेव्हा सरांनी बाकी सगळ्यांचा आवाज डाव्या हाताने खाली बसवला आणि मामांकडे नुसतं पाहिलं. कागदात जे नव्हतं ते मामांनी तिथे दिलं, निषादावर एक छोटा कंप.

तिहाईचा दुसरा तुकडा किंचित घाईत गेला. मलाही ते जाणवलं. तिसरा सावरला. मग सरांचा हात वर गेला, क्षणभर तिथे राहिला, आणि खाली आला. १३ पैकी ११ बो खाली. अपबोच्या नव्या सवयीने दोघांचे वर गेले, पण सूर सगळ्यांचा एकाच जागी पडला.

पुढच्या रविवारी आठला सर हॉलमध्ये आले ते तिहाईच्या दुसऱ्या तुकड्याचं पान हातात घेऊनच. अण्णा आधीच येऊन बसले होते. मधोमध.